जोगलटेंभीची नाणी आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय

प्रश्न नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा आहे. त्यांच्या वर्गाची सहल दिल्लीला निघाली आहे आणि जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवला आहे. त्या विचारतात: "राष्ट्रीय संग्रहालयं राष्ट्रीय अस्मिता घडवतात, हे वाक्य मुलं परीक्षेत लिहून मोकळी होतात. पण संग्रहालय असं नेमकं करतं काय, की त्यातून अस्मिता घडते? आणि नाशिकच्या मुलांनी तिथे जाऊन पाहायचं काय?"

मॅडम, माझी सगळी नोकरी शोकेस, लेबलं आणि नोंदवह्या यांच्यात गेली. त्यामुळे उत्तर सिद्धान्ताच्या बाजूने न देता कामाच्या बाजूने देतो.

साठ्याच्या खोलीत पडलेली मूर्ती ही नुसती मूर्ती असते. ती बाहेर कोणी काढली, कोणाच्या शेजारी ठेवली, तिच्यावर दिवा किती पाडला आणि खाली पाटीवर काय लिहिलं, यावरून तिचा 'राष्ट्रीय ठेवा' होतो. शेजारच्या फळीवरची तितकीच जुनी मूर्ती फळीवरच राहते. सगळी कारागिरी या निवडीत आणि क्रमात आहे. प्रेक्षकाला ती दिसत नाही, म्हणूनच ती परिणाम करते. मोठ्या दालनातून तासभर फिरून आलेला माणूस एकेक वस्तू विसरतो, पण 'आपण कोण, कुठून आलो' याचा एक ढोबळ नकाशा डोक्यात घेऊन बाहेर पडतो. तो नकाशा कोणीतरी काढलेला असतो, ही गोष्ट मुलांना कळली तरी सहल वसूल झाली म्हणायची.

दिल्लीच्या संग्रहालयाचा जन्म कसा झाला, तेही मुलांना आधी सांगा. राष्ट्रीय संग्रहालय हवं, हा विचार १९४६ सालच्या मॉरिस ग्वायर समितीच्या आराखड्यात होता. पण आराखडे कपाटात राहतात. गाडी पुढे ढकलली ती लंडनच्या एका प्रदर्शनाने. १९४७-४८ च्या हिवाळ्यात रॉयल अकादमीने बर्लिंग्टन हाऊसमध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी देशभरच्या संग्रहालयांतून निवडक वस्तू पेट्यांत भरून बोटीने गेल्या. त्या परतल्या तेव्हा ठरलं की आपापल्या गावी पाठवण्याआधी दिल्लीच्या लोकांनाही त्या दाखवाव्यात. जागा निवडली गव्हर्नर जनरलचं निवासस्थान, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन. कालपर्यंत जिथे व्हाइसरॉयचा दरबार भरत होता, तिथे बुद्ध, यक्षी आणि चोळांची कांस्यशिल्पं उभी राहिली. लोकांची झुंबड उडाली. मग १५ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिथेच राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन केलं. आजच्या इमारतीची कोनशिला नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी बसवली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ती खुली झाली.

यातल्या दोन गोष्टी अभिरक्षकाला, म्हणजे संग्रहालयाचा साठा सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला, खटकतात. एक म्हणजे पहिली चाळण लंडनसाठी लागली होती. युरोपातल्या कलादालनात शोभेल ते पेटीत गेलं: दगडी शिल्प, कांस्य, लघुचित्र. कुंभाराचा आवा, विणकराचा माग, पाटा-वरवंटा, शेतीची अवजारं यांना पेटीत जागा नव्हती. दुसरी म्हणजे वस्तू प्रांतांच्या होत्या. पाटणा, मथुरा, मद्रास, कलकत्ता यांच्या संग्रहालयांनी त्या उसन्या दिल्या होत्या आणि त्यांना त्या परत हव्या असणं साहजिक होतं. म्हणजे 'राष्ट्र' आणि 'गाव' यांची ओढाताण या संस्थेच्या पाळण्यातच होती. आजही कुठलाही जिल्हा आपली मूर्ती दिल्लीत पाहून आधी खूश होतो आणि मग विचारतो, ती आमच्याकडे का नाही?

पण काळही लक्षात घ्या. फाळणी झालेली, दिल्लीभर निर्वासितांच्या छावण्या, पुराना किल्ला माणसांनी भरलेला. अशा वेळी मोहेंजोदडोपासून मुघलांच्या चित्रांपर्यंत एक सलग रांग लावून 'हे सगळं आपलं' असं म्हणणं, ही त्या पिढीची गरज होती. मी त्या मांडणीवर टीका करतो, पण तिची टवाळी करत नाही.

त्या रांगेत पहिलंच दालन सिंधू संस्कृतीचं आहे. मोहेंजोदडो, हडप्पा ही दोन्ही मोठी स्थळं पाकिस्तानात गेली, आणि फाळणीत वस्तूंचीही वाटणी झाली. ती कशी झाली, हे मुलांना जरूर सांगा. मोहेंजोदडोला सापडलेला कार्नेलियन मण्यांचा कमरपट्टा आणि जेडच्या मण्यांचा, सोन्याच्या चकत्यांचा हार चक्क सोडवून, मणी मोजून दोन देशांत निम्मे निम्मे वाटले गेले. चार हजार वर्षं जमिनीखाली एकत्र राहिलेले मणी टेबलावर वेगळे झाले. आमच्या धंद्यात दोरा बदलायचा झाला तरी आधी फोटो, मग मण्यांचा क्रम लिहून घ्यायचा, मग सही. त्यामुळे त्या दिवशी त्या टेबलाशी बसलेल्या माणसांची मला कीव येते. कांस्याची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, दिल्लीत राहिली. पुरोहित-राजा म्हणून ओळखला जाणारा दगडी अर्धपुतळा कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाहोर संग्रहालयाचा साठाही असाच साठ-चाळीस वाटला गेला. भारताच्या वाट्याचा भाग पुढे चंदीगडच्या संग्रहालयात आला, ती ल कॉर्ब्युझिएची इमारत १९६८ साली उघडली.

आता गंमत पाहा. एकाच हाराचे अर्धे मणी एका देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या देशाच्या प्राचीनतेचा पुरावा आहेत, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या देशात दुसऱ्या प्राचीनतेचा. मणी तेच, माती तीच. बदललं फक्त लेबलाच्या वरचं नाव. मुलांना दिल्लीत नर्तकीसमोर गर्दी करू द्या, ते होणारच. पण नंतर दागिन्यांच्या शोकेसपाशी थांबवा.

हा खेळ भारतानेच शोधला असं नाही. पॅरिसचं लूव्र हे राजवाड्याचं सार्वजनिक संग्रहालय झालं १० ऑगस्ट १७९३ ला, राजसत्ता कोसळली त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. कालपर्यंत राजाची असलेली चित्रं आजपासून तुमची, हे सांगायला याहून बोलका मुहूर्त कुठला? आपल्याकडे मात्र पहिली मोठी संग्रहालयं परक्या सत्तेने उभारली. कलकत्त्याचं इंडियन म्युझियम १८१४ चं, एशियाटिक सोसायटीने सुरू केलेलं. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं, १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. भायखळ्याचं १८७२ चं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. वाघाच्या कातड्यापासून गव्हाच्या वाणापर्यंत सगळं एका छताखाली मांडून 'हा देश आम्ही मोजला' असं सांगणारी ती जुनी मांडणी होती. पाटी एका दिवसात बदलता येते. आतल्या दालनांचा क्रम बदलायला पिढ्या जातात.

आता नाशिककडे येतो, कारण मॅडमच्या प्रश्नाचा खरा गाभा मला इथेच दिसतो.

सिन्नर तालुक्यात गोदावरीच्या काठी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. साधारण १३,२५० नाणी. सगळी मुळात नहपान याची, म्हणजे क्षहरात वंशातल्या शक क्षत्रपाची (क्षत्रप म्हणजे प्रांतावर राज्य करणारा). एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतली मोडकी अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठीत त्याचं नाव. पण यातली ९,००० हून जास्त नाणी पुन्हा ठोकलेली आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपला ठसा मारला: तीन कमानींचा पर्वत, खाली नागमोडी रेघ, भोवती 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', आणि उलट बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली.

असं एक नाणं भिंगाखाली धरलं की काय दिसतं ते सांगतो. पर्वताच्या कमानीआडून नहपानाचं नाक बाहेर आलेलं असतं. एखाद्या नाण्यावर त्याच्या केसांची बट शाबूत असते, एखाद्यावर ग्रीक अक्षरांची अर्धी ओळ. ठसा जरा तिरका बसला असेल तर दोन्ही राजांची नावं एकाच वेळी वाचता येतात. टांकसाळीतल्या माणसाला घाई होती, नऊ हजारांचा ढीग समोर होता, त्याने जुना चेहरा पुरता पुसायची तसदी घेतली नाही. त्या आळसाचे आपल्यावर फार उपकार आहेत. कोणी कोणाला हरवलं, आणि साधारण कोणत्या काळात, हे ठरवायला इतका सज्जड पुरावा क्वचितच मिळतो.

याच नाण्याची लेबलं मी तीन प्रकारे लिहून दाखवू शकतो, तिन्ही खरी. पहिलं: 'परकीय क्षत्रपांचा पराभव करणाऱ्या सातवाहन सम्राटाचे नाणे.' दुसरं: 'क्षत्रप नहपानाचे चांदीचे नाणे, नंतर पुनरांकित.' तिसरं: 'जोगलटेंभी, जि. नाशिक येथे सापडलेल्या साठ्यातील नाणे. दोन राजवटींनी वापरलेली एकच चांदी.' पहिलं वाचून छाती फुगते. दुसरं वाचून कोणी थांबत नाही. तिसरं वाचून मूल वाकून नाक शोधतं. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्यामागे निव्वळ तटस्थपणाची हौस नाही.

कारण नाशिक शहरापासून थोड्याच अंतरावर पांडवलेणी आहेत, आणि तिथला दगड पहिल्या लेबलापेक्षा जास्त गुंतागुंतीचं बोलतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने आपल्या दिवंगत मुलाची थोरवी कोरून ठेवली. तीन समुद्रांचं पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यायलं तो, क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा स्थापणारा. आईने मुलासाठी लिहिलेलं आहे, हात आखडता घेतलेला नाही. तेवढं वाचून खाली उतरलं तर गोष्ट सोपी आहे: आपले जिंकले, परके गेले.

पण दहावं लेणं पाहायचं राहतं. ते नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं दान आहे. तो शक. त्याने बौद्ध भिक्षूंसाठी लेणं कोरवलं, ब्राह्मणांना गायी आणि गावं दिली, आणि इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर किरकोळ गरजांचा खर्च भागायचा. आजच्या मुदत ठेवीच्या पावतीइतका स्वच्छ मजकूर आहे. गोवर्धन गंगापूरजवळ आजही आहे. सतराव्या लेण्यात आणखी एक दाता भेटतो: इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा योनक, म्हणजे यवन.

आणि मला सगळ्यात आवडणारा तपशील पुन्हा तिसऱ्या लेण्यातच आहे. खुद्द गौतमीपुत्राचा, त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचा लेख. विजयी सैन्याच्या तळावरून काढलेला हुकूम. आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत तो या डोंगरावरच्या भिक्षूंना देतो. शत्रूचं शेत काढून घेतलं आणि दिलं कोणाला, तर त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना. राजे भांडले, शेताच्या सातबाऱ्यावरचं नाव फिरलं, आणि डोंगरावरच्या लोकांना दोन्हीकडून मिळत राहिलं. या टेकडीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून संरक्षण दिलं आहे. राष्ट्रीय कशामुळे? माझ्या मते गौतमीपुत्रामुळे जितकं, तितकंच उषवदाताच्या ठेवीमुळे आणि त्या यवनाच्या नावामुळे.

म्हणून मी म्हणतो की संग्रहालयाच्या नोंदवहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'प्राप्तिस्थान' हा आहे. नोंद क्रमांक, वर्णन, मापं, कशी मिळाली (उत्खनन, खरेदी, भेट की गुप्तधन म्हणून) हे सगळे रकाने असतात. जुन्या वह्यांत प्राप्तिस्थानासमोर बऱ्याचदा नुसतं 'दख्खन' लिहिलेलं असतं, कधी 'अज्ञात'. ज्या वस्तूचं गाव हरवलं तिच्यावर मग कोणीही काहीही लिहू शकतं, ती वाटेल त्या गोष्टीत बसवता येते. गाव माहीत असलेली वस्तू इतकी सहज वाकत नाही. जोगलटेंभीची नाणी पुढे वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरली, पण साठ्याचं नाव त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून सिन्नर तालुक्यातलं ते गाव नाणेशास्त्राच्या जगभरच्या पुस्तकांत आहे. एक जाता जाता: १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भीतीपोटी किंवा लोभापोटी लोक कळवत नाहीत, नाणी मुशीत जातात, आणि चांदीच्या भावात इतिहास विकला जातो. तुमच्या मुलांपैकी निम्मी शेतकऱ्यांची असतील, त्यांना हा कायदा जरूर सांगा.

आता दुसरी बाजू. नाण्यांना आणि मूर्तींना तरी संग्रहालयात जागा मिळते. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांच्या वस्तूच उरत नाहीत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. आधुनिक भारताची ओळख या दोन घटनांशिवाय सांगताच येणार नाही. पण शोकेसमध्ये ठेवायला काय आहे? पत्रकं, काही छायाचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं. तलवारीशेजारी पत्रक ठेवलं की प्रेक्षकाचा डोळा तलवारीवर जातो, हे रोजचं आहे. इथे अभिरक्षकाची कसोटी असते, आणि बहुतेक ठिकाणी तो नापास होतो. सोपं म्हणून भरजरी ते बाहेर काढतो.

वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २००३ साली कायद्याने मंजुरी मिळाली तेव्हा त्यांच्याकडे संग्रहच नव्हता. त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावल्या, आणि २०१६ साली दारं उघडली तेव्हा दालनं भरलेली होती. ढाक्याचं मुक्तियुद्ध संग्रहालय १९९६ मध्ये नागरिकांनीच, भाड्याच्या घरात सुरू केलं. आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकरांनी हेच काम एकट्याच्या हट्टाने केलं. अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, कुलपं, दारं. राजांच्या मागे न लागता घराघरांत जाऊन जमवलं आणि १९७५ साली सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. ते संग्रहालय 'राष्ट्रीय' नाही. पण एखाद्या आजीबाईला "अगं, हे तर आमच्या माजघरात होतं" असं म्हणायला लावण्याची त्याची ताकद दिल्लीच्या कित्येक दालनांत नाही. आणि ओळख म्हणजे शेवटी ओळखणंच की.

दिल्लीत ईशान्येकडच्या आदिवासी जीवनाचं वेगळं दालन आहे. चांगलं आहे, जरूर पाहा. फक्त एक गोष्ट ताडून बघा: बाकी दालनांत सनावळ्या आहेत, राजवटी आहेत, बदल आहे. आदिवासी दालनात काळ थांबल्यासारखा दिसतो. जणू त्यांना इतिहास नाही, फक्त पेहराव आहे. आपल्या पेठ, सुरगाणा, कळवणकडची मुलं तुमच्या वर्गात असतील तर हा फरक त्यांना सांगावा लागणार नाही.

मग येतो परत आणलेल्या वस्तूंचा विषय, आणि त्यात मराठी माणसाचा जीव अडकलेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफकडून ती त्या घराण्यात गेली, आणि पेटीवर तशी नोंद आहे. पण हीच ती अफजलखानाच्या वेळची वाघनखं, असं खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेच स्पष्ट केलेलं आहे. यावरून इकडे बरीच चिखलफेक झाली. माझं म्हणणं साधं आहे. लेबलावर दोन्ही लिहा. परंपरा काय सांगते ते एका वाक्यात, पुरावा कुठवर जातो ते दुसऱ्या वाक्यात. शिवाजी महाराजांचं मोठेपण एका पंज्यावर टेकलेलं नाही, ते त्या दुसऱ्या वाक्याने कमी होत नाही. ज्या संग्रहालयाला दुसरं वाक्य लिहायची भीती वाटते, त्याच्या पहिल्या वाक्यावरही परका अभ्यासक विश्वास ठेवत नाही.

मूर्तींच्या बाबतीत आणखी एक पेच. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २०१४ साली परत केला. तो देशाचा ठेवा म्हणून परत आला, पण गावाच्या दृष्टीने तो देव आहे. दिल्लीतच पिपरहव्याच्या बुद्ध-अवशेषांपुढे लोक हात जोडून उभे राहतात. थायलंडने दिलेल्या सोनेरी मंडपात ते ठेवलेले आहेत. आपल्या लेण्यांवर बुद्धपौर्णिमेला येणारी कुटुंबंही पुरातत्त्व बघायला येत नाहीत. संग्रहालयाने अशा वेळी 'हात जोडू नका' असं सांगायचं नसतं, रांगेची सोय करायची असते.

संग्रहालय इमारतीतच राहतं असंही नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये कामाला असलेल्यांची मुलं वर्गात असतील, त्यांना विचारा: नोटेच्या मागे काय आहे? दहावर कोणार्क, विसावर वेरूळ, पन्नासावर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. आणि राजमुद्रा म्हणजे सारनाथचा सिंहशीर्ष, जो मूळ दगडात सारनाथच्या संग्रहालयात उभा आहे. दिल्लीच्या दालनात कधीच पाऊल न टाकणाऱ्या माणसाच्या खिशातही राष्ट्रीय संग्रहालयाचा एक तुकडा असतो. ही निवडही कोणीतरी केलेली आहे, हे विसरायचं नाही.

पुढचं काय? दिल्लीत नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' हे नवं, प्रचंड राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याचं ठरलं आहे. कुठलंही सरकार नवी दालनं करताना आपल्या आवडीची गोष्ट पुढे आणतं, लूव्रपासून हेच चालत आलं आहे. माझी धास्ती वेगळी आणि फार रुक्ष आहे. वस्तू हलवताना तुटतात, नोंदी मागे राहतात, आणि प्रशिक्षित माणसं भरलेली नसतात. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. साधारण दोन कोटी वस्तूंचा संग्रह, बहुतेक एका रात्रीत गेला. आपल्याकडेही २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीतलं निसर्गविज्ञानाचं राष्ट्रीय संग्रहालय आगीत गेलं. अस्मितेवर भाषणं करणाऱ्यांनी आधी पाण्याचे पंप चालतात का ते बघावं.

राज्यघटनेच्या ५१-क कलमात नागरिकाच्या कर्तव्यांमध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणं, हे एक कर्तव्य आहे. 'संमिश्र' म्हणजे काय, हे वर्गात समजावताना भाषणाऐवजी ते दोन ठशांचं नाणं दाखवा.

सहलीचं म्हणाल तर दिल्लीच्या आधी दोन गोष्टी उरकून घ्या. एका सकाळी मुलांना पांडवलेण्यांवर न्या आणि तिसरं व दहावं लेणं याच क्रमाने दाखवा. मग त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे, परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या विद्वानाने १९८० मध्ये उभं केलेलं. आधी फोन करून वेळ ठरवा, गटाने जायचं असेल तर ते बरं पडतं. एवढं बघून गेलेलं मूल दिल्लीच्या नाण्यांच्या दालनात क्षत्रप आणि सातवाहन नाणी आपणहून शोधतं.

दिल्लीत सगळं बघायचा हट्ट धरू नका, दोन लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि मुलांचे पाय तासाभरात बोलायला लागतात. दालनं तीन निवडा: सिंधू, नाणी, आणि आदिवासी जीवन. प्रत्येक मुलाला तीनच वस्तू निवडू द्या आणि प्रत्येकीखाली चार ओळी लिहून आणायला सांगा: कुठे सापडली, संग्रहालयात कशी आली, शेजारी काय ठेवलंय, आणि लेबलात काय सांगितलेलं नाही. चौथी ओळ कोणी कोरी ठेवली तरी चालेल, पहिली कोरी असेल तर मुलाने पाटी पुन्हा वाचायची, आणि पाटीवरच नसेल तर ते लिहायचं. फोटो फ्लॅशशिवाय. आणि गाडीचं आरक्षण करताना बघून घ्या, सोमवारी संग्रहालय बंद असतं.